तिसऱ्या रांगेतला बाक

गुलामगिरीविरुद्ध आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावाइतकं तावातावाने कुणी बोलत नसेल. चर्चचा कारभार पाहणारे डीकन बार्नाबस हॉइट यांचा जीव तर दक्षिणेतल्या गुलामांसाठी तीळतीळ तुटायचा. साखर गुलामांच्या घामाची म्हणून ते चहात मध घालायचे. केवढा हा त्याग!

केझिया ड्रूची चूक एवढीच, की ती दक्षिणेतून पळाली आणि थेट इथेच आली. लांबच्या गुलामासाठी रडणं सोपं; ही तर समोर उभी. अख्ख्या गावाचे कपडे ती धुवायची, डीकनच्या कॉलरींना खळ घालायची. चर्चमध्ये मात्र तिची जागा काळ्यांसाठीच्या वरच्या सज्जात, खांबामागे. पाद्रीबुवांचा आवाज यायचा, तोंड दिसायचं नाही. खाली, चारचौघांत बसावं, एवढीच तिची इच्छा होती.

आमच्याकडे चर्चमधला बाकही घरासारखा मालकीचा असतो. तिसऱ्या रांगेतला बाक लेम्युएल स्प्रॅगचा, आणि लेम्युएल अट्टल दारुडा. डीकन त्याला दारूबंदीची शपथ घ्यायला लावायचे. तो मुकाट्याने सही करायचा आणि त्या आनंदात दोन घोट जास्त घ्यायचा. अखेर दारू सुटली ती केझियामुळे. तिने त्याला आपल्या धुण्याच्या खोलीत ठेवून घेतलं, सूप पाजलं आणि मनसोक्त शिव्या घातल्या.

"केझियाबाई, माझ्याकडे देण्यासारखा तो बाकच आहे. घ्या."

"थट्टा करतोस का रे?"

"दारू सुटल्यापासून थट्टा सुचतच नाही हो."

त्याने बाक रीतसर तिच्या नावावर केला. रविवारी केझिया खाली बसली, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम खोकला आला. बाहेर पडताना डीकनने तिला गाठलं.

"केझिया, आम्ही तुझ्याच बाजूचे गं. पण लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, डीकनसाहेब? दक्षिणेतले?"

पुढच्या रविवारी बाक जागेवर नव्हता. मोडका होता म्हणे, काढून टाकला. केझिया तडक घरी गेली, तशी मंडळींचा खोकला थांबला.

थोड्या वेळाने ती परत आली. एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने लेम्युएलने धुण्याचा लाकडी टब धरला होता. टबात डीकनचे आठवड्याचे मळके कपडे होते. ते तिने काढून डीकनच्याच मांडीवर ठेवले, रिकाम्या जागेत टब उपडा घातला आणि त्यावर बसली.

पाद्रीबुवा दक्षिणेतल्या बेड्या तुटाव्यात म्हणून प्रार्थना करत होते. आज त्यांचं तोंड तिला पुरतं दिसत होतं.

"आमेन," केझिया म्हणाली, सगळ्यांत मोठ्यांदा.