खिशातला प्लग

कोहमाऱ्याच्या चौकातल्या त्या मिस्त्रीला काही विचारलं, की तो आधी हात पुसायचा. एकेक बोट पुसून झालं की मग उत्तर, तेही अर्धंच.

शर्यतीची जुनी मोटारसायकल मी त्याच्याकडूनच घेतली. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना नंबरप्लेट.

"भाऊ, कागद?"

त्याने हात पुसले. "कधी बनलेच नाही. मैदानात पळव. रोडवर नाही."

आधी कोणाची होती, हेही विचारलं. त्यावर नुसतेच हात पुसले.

"माझ्या गावापर्यंत, केशोरीपर्यंत तरी चालवत नेतो."

त्याने इंजिनचा स्पार्क प्लग काढून खिशात टाकला; आता गाडी सुरूच होणार नव्हती. "टेम्पोत ने. मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी खरंच एसटीने आला. धान कापलेल्या आमच्या बांधीत त्याने प्लग बसवला. मी मनसोक्त चकरा मारल्या आणि म्हणालो, "चला, हिच्यावरच गावच्या चौकात जाऊन चहा पिऊ."

त्याने गाडी बंद केली. तापलेला प्लग फडक्यात धरून काढला. "समोरून येणाऱ्याची का गलती? पैदल चाल."

आता शेतातून निघताना प्लग मीच काढतो. कोणी विचारतं, "काऊन काढून राहिला गा?"

मी आधी हात पुसतो.