वस्तऱ्याचे सात धडे

दादाने बावन्नाव्या वर्षी वस्तरा हातात घेतला आणि आमच्या घरात ज्ञानाचा पूर आला. तोवर तो दोन मिनिटांत दाढी उरकून ऑफिसला पळणारा माणूस होता. विमा कंपनीत बावीस वर्षं घासून शाखेतल्या दोन नंबरच्या खुर्चीपर्यंत पोचला होता आणि पुढे सरकायची चिन्हं नव्हती. या वयात कुणी कुंड्यांत मिरच्या लावतं, कुणी गुडघ्यांबद्दल बोलत बसतं. दादाने मोबाइलवर कुणा टाय लावलेल्या माणसाला वस्तऱ्याने दाढी करताना पाहिलं आणि त्याला साक्षात्कार झाला.

मग खोकी येऊ लागली. लाकडी वाडग्यातला साबण, ब्रश उलटा टांगायला स्टँड, दाढीआधी लावायचं तेल, दाढीनंतर लावायचं दुसरं तेल. बाथरूममधला आरसा बाहेरच्या खोलीत आला, कारण तिथे म्हणे उजेड योग्य कोनातून येतो. रविवारी पाऊण तास कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. वस्तरा तेवढा त्याने विकत घेतला नव्हता. तो बाबांचा होता.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. एक्केचाळीस वर्षं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी बाक. त्या बाकाच्या कोपऱ्यात बसून दादाने शाळेचा सगळा अभ्यास केला. नोकरीच्या अर्जावर त्याने बाबांच्या नावापुढे 'व्यापार' असं लिहिलं. लग्न जमवताना त्याचा 'स्वतंत्र व्यवसाय' झाला. कसला व्यवसाय, असं कुणी खोदून विचारलं की दादाला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. हात थरथरतात. एका कानाने काहीच ऐकू येत नाही, दुसऱ्याशी वाकून बोलावं लागतं. त्यांची दाढी रोज सकाळी मी करते, त्यांच्या दुसऱ्या वस्तऱ्याने. शिकवलं त्यांनीच, आणि तेही फुग्यावर. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता साफ करायचा. मी अकरा फुगे फोडले, मग त्यांनी आपला गाल पुढे केला. "वस्तरा चालता ठेव," ते म्हणायचे. "मनात दुसरं काही आलं की हात थांबतो. थांबला की कापतो."

दादाला त्यांनी फुगा आणून दिला तेव्हा तो हसला. "बाबा, आता हे सगळं शास्त्रशुद्ध शिकवतात," म्हणाला आणि फुगा टेबलावर टाकून गेला. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते नुसते खूश होते. "घेतला बघ त्यानं हातात," दिवसातून दोनदा तरी मला सांगायचे. मी काय बोलणार, कपाळ?

मग पट्ट्याची पाळी आली. वस्तऱ्याची धार साफ करायला बाबांचा चामड्याचा पट्टा होता, दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी खिळ्यावरून स्वतः उतरवून आणलेला. पट्ट्यावर वस्तरा ओढताना पात्याची पाठ पुढे हवी आणि धार मागून यायला हवी. धार पुढे असते ती धार लावताना, दगडावर. बाबांकडे काम शिकायला येणाऱ्या कुणालाही हे पहिल्या दिवशी कळायचं. शास्त्रशुद्ध शिकलेल्या दादाने धार पुढे घातली, तीही झपाझप, त्या टायवाल्याच्या वेगाने. पट्ट्याला तीन चिरा गेल्या. एक्केचाळीस वर्षांत त्यावर ओरखडा नव्हता. बाबांनी चिरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चामडं सुकलं होतं." इतकं धडधडीत खोटं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

दादाने यातून काय घेतलं? त्याने कंपनीच्या मासिकात लेख लिहिला: 'वस्तऱ्याने मला शिकवलेले सात धडे.' पहिला धडा संयमाचा होता, पाचवा साधनांचा आदर करण्याचा, आणि सातवा आपल्या मुळांकडे परतण्याचा. मुळं कुठली, ते लिहायचं तेवढं राहून गेलं. लेख छापून आला त्या दिवशी त्याच्या हनुवटीला कापसाचे दोन बोळे चिकटलेले होते.

शाखेच्या साहेबांना लेख फारच आवडला. ते रविवारी प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरलं. बाबांनी शनिवारीच इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला. रविवारी मी दाढी करत असताना बाबा म्हणाले, "आज सांगेल तो साहेबांना. वस्तरा कुणाचा ते सांगावंच लागेल ना." दादाने त्यांना सांगितलं होतं की बाहेर गर्दी होईल, आत बसा. बाबांनी त्याचा अर्थ लावला, वेळ आली की बोलावेल. आतल्या खोलीत दाराकडे तोंड करून ते खुर्चीवर बसले आणि थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

बाहेर दादाने फेस केला आणि संयमावर बोलायला सुरुवात केली. साहेब मान डोलावत होते. मग त्यांनी पट्टा हातात घेतला.

"वस्तू जुनी दिसते. कुठे मिळाली?"

"जुन्या बाजारात," दादा म्हणाला. "वस्तराही तिथलाच."

"आणि शिकवलं कुणी?"

"कुणी नाही, सर. स्वतःच. चुकत चुकत."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मी फाटक्या तोंडाची, असं सगळं घर म्हणतं. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत मी कुणाला सोडत नाही. त्या दिवशी मी साहेबांना साखर किती हे विचारलं. दादाचा भ्याडपणा मला रोज दिसतो, पण माझा तेवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. साहेब चहा पिऊन, दादाची पाठ थोपटून गेले. बाबांना कुणी बोलावलं नाही. पांढरा शर्ट त्यांनी संध्याकाळी स्वतःच घडी करून ठेवला.

सोमवारी सकाळी दादा ऑफिसला गेल्यावर मी बाबांना फेस लावला. उजवा गाल झाला, डावा झाला. हनुवटीखाली वस्तरा टेकवला तेव्हा त्यांनी विचारलं, "काल साहेब पट्टा हातात घेऊन काहीतरी विचारत होते. मला इथून ऐकू आलं नाही. सांगितलं ना त्यानं?"

"काय?"

"दुकानाचं. माझं."

इतकी वर्षं मी दादाची लाज चव्हाट्यावर मांडायची संधी शोधत होते. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकले.

"सांगितलं," मी म्हणाले. "सगळ्यात आधी तुमचंच सांगितलं."

वस्तरा थांबला. मला कळलं तेव्हा पांढऱ्या फेसात बारीक लाल रेघ उमटली होती. बाबांनी आरशातून माझ्या हाताकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

"तुरटी लाव," ते म्हणाले.