मोटरच्या खोलीतलं कॉलेज

लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा मी बारावी सायन्सला होते, आणि घरात सगळ्यांना एवढंच कळलं की पोरगी आता रिकामी आहे. सरांचे तास मोबाईलवर सुरू झाले होते. सुप्याला कंपनीत असलेल्या भावानं नवा फोन घेतला आणि काच तडकलेला जुना मला दिला. पण आमच्या जामखेडकडच्या वस्तीवर मोबाईल घेऊन बसलेली पोरगी म्हणजे आळशी पोरगी, मग समोर सर असोत नाहीतर सिनेमा. ओसरीवर बसलं की सुरूच. "शेरडांना पाला टाक." "लाईट आली, दळण घेऊन जा." "डोळं फुटतील की गं!" एकदा रसायनशास्त्राच्या तासाला माझा आवाज चुकून चालू राहिला आणि तेवढ्यात आई म्हशीवर ओरडली, "नीट हुबी ऱ्हा की भवाने!" सर म्हणाले, "ज्यांची म्हैस असेल त्यांनी म्यूट करा." पुढचे कित्येक दिवस सगळा वर्ग मला म्हैस म्हणत होता.

मला राग आला. आणि मला राग आला की मी नुसती धुमसत बसत नाही, काहीतरी करून मोकळी होते.

एका सोमवारी मी पूर्वीसारखं एसटीच्या वेळेला आवरलं. कॉलेजचा ड्रेस घातला, दोन वेण्या घातल्या, पाठीला दप्तर लावलं. आईनं मला बघितलं आणि सवयीनं डबा बांधून हातात दिला. "येते गं," म्हटलं आणि निघाले. मी उंबरा ओलांडल्यावर तिला आठवलं असणार, की अगंबाई, कॉलेज तर बंद आहे! पण आमच्यात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, कुठं चाललीस विचारत नाहीत. कामाचा विचका होतो म्हणे. आई हे सगळं फार पाळते. ती दारात तशीच उभी राहिली, आणि मी बांधाबांधानं जाऊन विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत बसले.

खोली पत्र्याची. पाईपाचे तुकडे, स्टार्टरची पेटी, कोपऱ्यात खताची रिकामी पोती. पण रेंज झकास. पोतं अंथरलं, फोन भिंतीला टेकवला, ओढणी नीट केली. बाकीचे गोधडीतून हजेरी देत होते. मी मात्र कॅमेरा बंद असूनसुद्धा ताठ बसले होते. हसा हवं तर! पण तसं बसलं की डोकं चालायचं आणि लोळलं की झोप यायची, इतकं सरळ आहे ते. रेंज गेली की पुस्तक काढायचं. डबा मधल्या सुट्टीतच खायचा, पोटात कावळे ओरडले तरी. घरी जायचं ते संध्याकाळच्या गाडीच्या वेळेलाच. वाटेत कुणी विचारलं, "कॉलेज सुरू झालं व्हय गं?" तर मी म्हणायचे, "माझं झालं." आजही कुणी घरी अभ्यास होत नाही म्हणून रडत आलं की मी सांगते, आधी आंघोळ कर आणि चपला घालून घराबाहेर पड.

माझे वडील, आप्पा, मात्र वैतागले. दिवसाची लाईट मोजकी, आणि मोटर सुरू झाली की सरांचा एक शब्द ऐकू येईना. ते यायचे, बटण दाबायचे, आणि मी फोन घेऊन बाहेर उन्हात. "खोली मोटरीची हाय का तुज्या सरांची?" ते ओरडायचे. मी म्हणायचे, "दोगांची."

तेवढ्यात लग्नांची लाट आली. मांडव नको, वाजंत्री नको, जेवणावळ नको. कमी खर्चात उरकतंय म्हटल्यावर पोरींच्या बापांना बरंच झालं. बाकावर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, माझ्यापेक्षा हुशार, तासाला यायची बंद झाली. एक दिवस तिचा फोटो बघितला तर गळ्यात मंगळसूत्र. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू? आता पाळी माझी, हे कळत होतं.

आणि झालंही तसंच. आप्पांची बहीण, माझी आत्या, स्थळ घेऊन आली. "बागायतदार हायेत, दादा. कालेजं काय आता उघडत न्हाईत. उरकून टाक." आप्पा "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा होच.

पाहुणे कधी येणार हे मला कुणी सांगितलंच नाही. एका दुपारी जीवशास्त्राची चाचणी चालू होती. एक जीप वस्तीकडं वळताना दिसली, आणि थोड्या वेळानं आप्पा बांधावरून येताना दिसले. मी समजून चुकले. आता साडी नेसायची, पोहे घेऊन जायचं, खाली मान घालून बसायचं, आणि ते हो म्हणाले की माझी बारावी संपली.

आप्पा दारात आले. लाईट होती, पण त्यांनी बटणाला हात लावला नाही.

"पाहुणं आल्यात," ते म्हणाले.

"माजी परीक्षा चालू हाय, आप्पा. मग दोन तास हायेत. गाडीच्या येळंला येते."

आता फोन हिसकावतात, असं वाटलं. त्यांनी भिंतीला टेकवलेला फोन बघितला, माझा कॉलेजचा ड्रेस बघितला. आणि आले तसे परत गेले.

मी चाचणी पुरी केली. पुढचे दोन्ही तास केले. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, पण उठले नाही.

घरी आले तर जीप नव्हती. आत्या तोंड फुगवून ओसरीवर बसली होती. "तुज्या बापानं पाहुणं वाटंला लावलं," ती म्हणाली. "म्हनतो कसा, पोरगी कालेजात हाय. त्ये म्हनलं, कालेजं तर समदीकडं बंद हायेत. तर म्हनतो, समद्यांची असतील. आमच्या पोरीचं चालू हाय, ती मधनं उठत न्हाई!"

आप्पा म्हशीला चारा टाकत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"बारावी झाल्यावर काय म्हनतीस?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"फार्मसी. नगरला."

"लई लांब," ते म्हणाले. "मंग हॉस्टेल लागंल."

जेवायला बसले आणि ताटावरच मला रडू फुटलं, हमसून हमसून. आई घाबरली. "आता काय झालं गं?" म्हणाली.

काहीच झालं नव्हतं, आणि तेच मला तिला सांगता येईना.