अण्णांचा भिडू

दोन रविवारांपूर्वी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, फणसवाडीतल्या माझ्या घरात बसून मी हरले. हातात राजाची जोडी असताना हरले.

आम्ही सात जण, चुलत-मामे भावंडं आणि वहिन्या धरून, रविवारी चार वाजता ऑनलाइन पोकर खेळतो. पैसे नाहीत, नुसते खोटे चिप्स. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. पानं वाईट आली तर टाकून द्यायची, एवढी अक्कल पुरते.

मधुराला तेवढीही नाही, असं माझं मत होतं. मधुरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. ती एकही पान टाकत नाही. त्या दिवशी तिच्याकडे सत्ती आणि दुर्री होती... याहून वाईट हात नसतो. मी सगळे चिप्स लावले. दहातल्या जवळजवळ नऊ वेळा मीच जिंकणार. मध्ये सत्ती आली. मग राणी, नव्वी, पंजी... आणि शेवटचं पान दुर्री. तिच्या दोन जोड्या झाल्या, माझी एकच.

मी चॅटवर लिहिलं, "मधुरा, डोळे मिटून खेळतेस का?"

एरवी ही हार एवढी लागली नसती. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यंदा जाहीर केलं होतं की गणपतीपर्यंत या खेळात जो पुढे असेल, तो मेंढीकोटला त्यांचा भिडू. आमच्याकडे गणपतीत मेंढीकोट खेळतात, दोघादोघांच्या जोड्या करून. अण्णांच्या समोर मी बसते. नवव्या वर्षापासून. हुकूम कसा राखायचा ते त्यांनी मला शिकवलं, भावाला नाही.

आणि आता मधुरा पुढे होती. न शिकता, न मोजता. शिवाय अण्णा राहतातही तिच्याच घरी, प्रभादेवीला. मला आठवड्याला एक फोन. तिला रोज सकाळचा चहा... हेवा वाटत होता. दुसरा शब्द नाही.

परवाच्या रविवारी मी ग्रुपवर टाकलं, "आज जमत नाहीये." आणि टॅक्सी करून प्रभादेवीला गेले. ती कशी खेळते ते मागे उभं राहून बघायचं होतं.

दार उघडंच होतं. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून. मधुरा त्यांच्या शेजारी, हातात फोन. ती हळू आवाजात सांगत होती, "अण्णा, बदामची पंजी. इस्पिकचा गुलाम."

"राहू दे. बघू या."

तिने बटण दाबलं. मी चपला काढत होते, तिथेच थांबले.

"आज मीनल नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही. जमत नाहीये म्हणाल्या."

"मागच्या वेळी रागावली का गं?"

"छे. 'छान खेळलीस' म्हणून लिहिलं होतं त्यांनी."

मी दारावर टकटक केलं. मधुराने वर बघितलं, एकदम उठली. "ताई, बसा ना. तुम्ही वाचा आता." तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली.

"मीनल? आलीस होय!" अण्णांचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळला. थोडा चुकीच्या बाजूला.

पानं आली. मी वाचली. "चौकटची तिर्री, किलवरची नव्वी." सुहासने, माझ्या मामेभावाने, सगळे चिप्स लावले होते. तो फक्त चांगल्या पानांवर लावतो.

"अण्णा, टाकू या."

"टाकू या? पानं वाटून झाल्यावर उठायचं कसं?"

हे वाक्य मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आलेय. मेंढीकोटमध्ये हात वाईट आला म्हणून कोणी उठत नाही, तेरा पानं शेवटपर्यंत खेळायचीच. अण्णा पोकर तसंच खेळत होते. आणि सगळं माहीत असूनही मी बटण दाबलं.

सुहासकडे एक्क्याची जोडी होती. मध्ये आमच्या उपयोगाचं काही आलं नाही. सगळे चिप्स गेले.

अण्णा हसले. "हातगुण मधुराचाच, बाबा."

मी स्वयंपाकघरात गेले. मधुरा आलं किसत होती. अण्णांना कधीपासून दिसत नाही, असं विचारलं.

"होळीपासून कमीच झालंय. फोनवरचं तर अजिबात नाही. तुम्हाला सांगायचं नाही, म्हणून बजावलंय."

"का?"

तिने किसणी खाली ठेवली. "म्हणाले, मीनलला हरणं सोसत नाही. माझ्या डोळ्यांपायी तिचे डाव जायला नकोत. म्हणून ते पुढे असेल तो भिडू वगैरे... म्हणजे तुमच्या जागी दुसरं कोणी समोर बसेल."

चॅटवर जे लिहिलं होतं, त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे हो ताई, मला पोकर येतच नाही."

चहा घेऊन बाहेर आले. कप अण्णांच्या हातात दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती बसेपर्यंत धरून ठेवला. मग सांगितलं की यंदाही समोर मीच बसणार. हरलो तर हरलो. त्यांनी चहावर फुंकर घातली. मग म्हणाले, "पण पानं मधुरा वाचेल हं. तू चेहऱ्यावर दाखवतेस."

काल दादरला जाऊन मोठ्या छापाचा पत्त्यांचा कॅट शोधून आणला. कदाचित त्यांना दिसेल, कदाचित नाही. नाहीच दिसलं तर मी समोर असेन आणि मधुरा शेजारी, त्यांच्या कानाशी.

तिचा हेवा अजून वाटतो... पण ती तिथे आहे, हे किती बरं आहे.