"दिला म्हण"

बारशाच्या दिवशी माझ्या मांडीवरनं बाळ उचललं आणि ताईंच्या मांडीवर ठेवलं. ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. उचललं सासूबाईंनी. हॉल भरलेला, नॉटिंगहॅमची सगळी मराठी डॉक्टर मंडळी, पैठण्या, फोटो. मी पाळण्याशेजारी नुसती उभी. एका काकूंनी माझ्या हातात पेढ्यांचं ताट दिलं आणि सासूबाईंना विचारलं, "ही कोण हो?"

सासूबाई हसल्या. "गावाकडून आणलीये. मदतीला."

मदतीला. माझ्या छातीला दूध दाटलेलं, ब्लाऊज ओला झालेला, पदर पुढं ओढून मी पेढे वाटत फिरले. माझ्याच पोराचे पेढे. कुणी थँक यू म्हणलं, कुणी वर बघितलंच नाही. पोराला आत्या नाही म्हणून कानात नाव पण ताईंनीच सांगितलं. अर्जुन. मला ते नाव बाकीच्यांच्या बरोबरच कळलं. मी काय बोलले? "घ्या ना" एवढंच बोलले.

मी नववीपर्यंत शिकले. लिहायची सवय गेलीय, हात दुखतो, त्यात पोर उठतं मधेच, म्हणून जसं आठवतंय तसं लिहितेय, थांबले तर भीती वाटते आणि राहून जातं.

मला बघायला तीनदा आले होते. पहिल्यांदा सासूबाई, त्यांनी चालायला लावलं. मग त्यांची बहीण, तिनं स्वयंपाक करायला लावला, दात बघितले. मग हे. हे काही बोललेच नाहीत, खाली बघत बसले. मध्यस्थ म्हणाले, मुलगा राजकुमारासारखा, लाजाळू आहे. आमच्याकडं नॉटिंगहॅम काय आणि लंडन काय, सगळं लंडनच. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सगळ्या गावाला सांगितलं. ह्यांना बरं नसतं, ते कुणीच सांगितलं नाही.

हे वाईट नाहीत. हात उचलत नाहीत. पण आठवडा आठवडा खोलीतनं बाहेर येत नाहीत. भिंतीच्या पलीकडनं कोण तरी आपल्याबद्दल बोलतंय म्हणतात. गोळ्यांनी झोपतात. बरे असले की बाळाची नखं कापतात, इतकी हळू, श्वास धरून. ह्या घरात मला कुणी काही दिलं असेल तर ते तेवढंच.

पाजताना मी फोनवर एक कोरियन सिरियल बघायची, हिंदीत बोलतात त्यातली माणसं. राजवाडा, रेशमी घागरे, डोक्यावर केवढे केसांचे अंबाडे. ताई एकदा डोकावल्या. "राणीसाहेब, तुमचं दरबाराचं संपलं की डिशवॉशर लावा हं." मला पण हसू आलं तेव्हा. खरंच.

चर्चच्या हॉलमध्ये प्लेग्रुप असतो, तिथं मिनची आई भेटली. कोरियन आहे. त्यांच्यात बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात, आपल्यासारखंच. मी तिला मिन्स मम म्हणते, ती मला अर्जुन्स मम. दोघींचं इंग्लिश मोडकं म्हणून आमचं झकास जमतं. मी तिला ती सिरियल दाखवली. ती म्हणाली, "दिस इज ट्रू स्टोरी. टीव्ही मेक इट प्रिटी." मग तिनं सांगितलं, अर्धं बोटांनी, अर्धं फोनवर चित्रं दाखवून.

सिरियलमधली ती बाई म्हणजे राजकुमाराची बायको. लहान पोर होती, दहाची पण नव्हती. तीनदा पाहणी झाली तिची. मी म्हणलं, तीनदा? हो म्हणाली, तीनदा. निवडली आणि त्या दिवसापासनं तिचे आईबाप तिला अहो-जाहो करायला लागले. स्वतःच्या पोरीला. ती रडायची तर म्हणे आता रडणं शोभत नाही. मला अण्णा आठवले, एअरपोर्टला माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले आणि सासूबाईंकडं बघून हात परत मागं घेतला.

तिच्या नवऱ्याला पण बरं नसायचं. भीती वाटायची त्याला, कपडे अंगावर सहन व्हायचे नाहीत. त्याचा बाप राजा. बापानं भर उन्हाळ्यात त्याला तांदळाच्या पेटीत घातलं आणि वरनं झाकण लावलं. आत मेला तो, किती तरी दिवसांनी. ती बाई भिंतीपलीकडं. पोर लहान. काय बोलली असती ती? बोलली तर पोर जातं. गप्प राहिली. मग राजानं आणखी एक केलं. हुकूम काढला की तिचा मुलगा तिच्या मेलेल्या थोरल्या दिराचा मुलगा. संपलं. पोर जिवंत, डोळ्यासमोर, पण ती त्याची आई नाही. म्हातारपणी तिनं सगळं लिहून ठेवलं, बायका लिहायच्या त्या साध्या अक्षरांत.

मिनची आई हे सांगून उठली, मिननं कुणाची तरी गाडी हिसकावली होती. मी बसूनच राहिले. कारण त्याच आठवड्यात सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "मोठीच्या ओटीत घालू या पोर. घरातलं घरातच राहील ना, कुठं परक्याकडे चाललंय? तुला दुसरं होईल."

ताईंना मूल नाही. खूप उपाय केले त्यांनी, सुया टोचून घेतल्या, दोनदा दिवस राहिले आणि गेले. त्या डॉक्टर आहेत, हॉस्पिटलात सगळे त्यांना घाबरतात, पण अर्जुनला घेतलं की लहान पोरीसारख्या होतात. "ऑनेस्टली, मी त्याला खूप जपेन गं," म्हणाल्या मला, केटलपाशी, डोळे भरलेले. मला त्यांचा राग येत नव्हता. तेच वाईट. राग आला असता तर तेव्हाच नाही म्हणले असते.

सासूबाईंचं वेगळं. "त्याचं ते असं, तू ही अशी. पोराला अभ्यास कोण शिकवणार, तू? पॅरेंट्स इव्हिनिंगला कोण जाणार, तू? आणि व्हिसा आहे आमच्या जिवावर, विसरू नकोस."

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "मोठी माणसं हायत बाळा ती. नाही कसं म्हणायचं त्यांना?"

दत्तकविधीला लेस्टरहून भटजी आले. सेटी भिंतीला लावल्या, मधे होमाचं कुंड. धूर होणार म्हणून भाऊजींनी, ताईंच्या नवऱ्यानं, छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. ताईंच्या अंगावर हिरवी साडी, हिरवा चुडा, ओटी पसरून बसलेल्या. ह्या लोकांना वाटत होतं भटजींनी मंत्र म्हणले की काम झालं, बाकी सॉलिसिटर बघून घेईल. एवढी शिकलेली माणसं. मला तरी कुठं ठाऊक होतं? मला पण वाटत होतं की आज गेला हा.

मी आणि हे एका बाजूला पाटावर. अर्जुन माझ्या मांडीत, पदराशी खेळत होता. भटजी म्हणाले, "आता ते मागतील, तुम्ही म्हणायचं, दिला. मोठ्यानं."

ताईंनी मागितला.

ह्यांनी खाली बघत म्हणलं, "दिला." तसंच पढवलं होतं त्यांना.

"हं बाई, आता तुम्ही."

सासूबाई मागनं हळूच म्हणाल्या, "दिला म्हण." मी तोंड उघडलं. मला ती पेटी दिसली, झाकण लागलेली, आणि पलीकडं ती बाई, गप्प. मी अर्जुनला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

"नाही दिला."

भटजींना वाटलं मी चुकले. "नाही हो बाई, दिला म्हणायचं."

"नाही दिला. माझा आहे. मी नाही देत."

उठले आणि जिन्यावर गेले, चपलेत पाय जाईना म्हणून अनवाणीच वर. मग खालनं ताईंचं रडणं ऐकू आलं. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. ते मी त्यांना दिलं. पोर दिलं नाही, ते दिलं. अजून कानात आहे.

त्यानंतर ह्या घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. मी स्वयंपाकघरात गेले की बाकीचे उठतात. सासूबाई म्हणाल्या, "आमचं खाऊन आमचंच नाक कापलंस. तिकीट काढते तुझं." हे त्या दुपारी खोलीतनं बाहेर आले आणि माझ्या शेजारी जिन्यावर बसले. नुसते बसले.

हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येणारी नर्स, बाळाचं वजन करायला आली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि तिला विचारलं. शब्द सापडेनात. "दे वाँट माय बेबी. कॅन दे?" तिनं पेन खाली ठेवलं. हळू हळू बोलली, मला कळेल असं. मी नाही म्हणत असताना कुणी त्याला उचलून नेऊ शकत नाही, नो वन. आणि घरात राहायची भीती वाटली तर कुठं फोन करायचा ते पण सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडनं.

भीती वाटतेच. व्हिसाची वाटते. ह्यांना सोडून जावं लागलं तर काय, त्याची वाटते. जिन्यावर पाऊल वाजलं की मी पोर उचलून घेते. ती राजकुमाराची बायको गप्प राहिली म्हणून तिचं पोर जगलं असेल. तिच्यापुढं राजा होता. माझ्यापुढं राजा नाही, सासू आहे.

आज सकाळी त्या दारात येऊन म्हणाल्या, राग गिळून, गोड आवाजात, की पुढच्या महिन्यात चांगला मुहूर्त आहे, भटजी परत यायला तयार आहेत, झालं गेलं विसरू.

मी अर्जुनला पाजत होते. पदर सरळ केला नाही. वर बघितलं आणि म्हणलं, "मुहूर्त काढा तुम्ही आई. मी पाटावर बसणार नाही."