चौदा नंबरचे वारस

अम्मा मोरीत पडल्या तेव्हा मी मशीनवर होते. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची, पलीकडे बादली सरकवली तरी ऐकू येतं. त्या सकाळी बादली आपटल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. मी पायडलवरचा पाय उचलला आणि हाक मारली. ओ आली नाही.

अम्मा आमच्या घरमालकीण. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, जुन्या बराकीत त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्या राहतात, मागची आम्हाला भाड्यानं दिलेली. सिंधी बाई, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. एक पुतण्या इंदूरला, तो दिवाळीला फोन करायचा. माझा नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, मी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. अम्मा माझ्याशी हिंदीत बोलायच्या, मी अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यात आमचं काही अडलं नाही.

समोरच्या दुकानदारीणबाईंना बोलावलं. दोघींनी मिळून अम्मांना चादरीवर घेतलं आणि हॉस्पिटलात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, चौदा नंबरची खाट मिळाली. तिथं वॉर्डबॉय, ज्याला सगळे मामा म्हणत, दारात येऊन ओरडला, "चौदा नंबरचे वारस कोण?"

मी म्हटलं, "मी."

विचार करून म्हटलं नाही. माझं माहेर बदलापूरच्या पलीकडचं, शेतीवाडीचं. आमच्याकडे हा शब्द गुरांनाही लागायचा. कुणाची म्हैस दुसऱ्याच्या भातात शिरली की बांधावरून हाळी यायची, "हिला कोन वारस हाय का नाय?" चुलीवर दूध ठेवून मी अंगणात गेले की आई म्हणायची, "दूध बेवारस टाकून कुठं गेलीस?" वारस म्हणजे लक्ष ठेवणारा आणि वेळ आली तर पुढं होऊन बोलणी खाणारा. मालमत्तेलाही तोच शब्द लावतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अम्मा स्ट्रेचरवर कण्हत होत्या, तेव्हा तो अर्थ डोक्यात आलाच नाही.

दुकानदारीणबाईंच्या मात्र आला. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली होती. दूधवाल्याकडे उभी होते, तर शेजारची एक बाई हसत म्हणाली, "सुना है, तू अम्मा की वारिस बन गई?" मीही हसले. बाकीच्या हसल्या नाहीत.

आमच्या बराकीमागे तेव्हा बिल्डरची माणसं फिरायला लागली होती. टेप लावून खोल्या मोजायचे, कुणाच्या नावावर काय आहे ते विचारायचे. नवरा घरी आला आणि मी सगळं सांगितलं तसा तो जेवता जेवता थांबला.

"तू काय म्हणालीस? वारस?"

"त्यांनी विचारलं कोण, मी म्हटलं मी."

"शेजारी आहे म्हणायचं. भाडेकरू म्हणायचं. उद्या पुतण्या येऊन म्हणेल, म्हातारीला एकटं गाठून खोली लिहून घेतली. आपल्याला इथून काढायला त्याला एवढं पुरे."

"मग उद्या डबा नेऊ नको?"

तो पुन्हा जेवायला लागला. अम्मांच्या कपाटाची चावी माझ्याकडे होती. पडल्या त्या दिवशी त्यांनीच माझ्या मुठीत दिलेली. आधी ती मी पोलक्यात ठेवली होती. आता ती टोचायला लागली. दुसऱ्या दिवशी दुकानदारीणबाईंच्या गल्ल्यावर, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, मी ती ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं, "ही अम्मांची चावी. माझ्याकडे नको."

हॉस्पिटलात अम्मांनी चष्मा मागितला. पडताना जुना फुटला होता, दुसरा कपाटात होता. "चाबी तेरे पास है ना? ले आ."

मी म्हटलं, "भतीजा येतोय, तो आणेल."

"वो कब आएगा? मुझे दिखता नहीं."

मी डब्यातली खिचडी कालवत बसले. अम्मा माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, चष्म्याशिवाय त्यांना किती दिसत होतं कुणास ठाऊक. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुतण्याला फोन मीच केला होता. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "आप उनकी कौन लगती हैं?" मी "पीछेवाली," एवढंच म्हटलं.

तो आला तेव्हा मी भांडणाच्या तयारीत होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती. आला तो पन्नाशीचा, प्रवासानं आंबलेला, हातात शेवेची पिशवी घेतलेला माणूस. अम्मांच्या पायाशी उभा राहिला आणि त्याला काय करावं ते कळेना. तेवढ्यात मामा पुन्हा दारात. "चौदा नंबरचे वारस कोण? एक्स-रेला घ्यायचंय."

पुतण्याला मराठी कळलं नाही. वॉर्डमधल्या सगळ्या आपल्याकडेच बघतायत असं मला वाटलं. मी घाईघाईनं म्हटलं, "वारस हे आहेत. मी नुसती शेजारीण."

मामा वैतागला. "बाई, पेशंटला धरायला कोण येतंय ते सांगा. लाइन लागलीय मागं."

मग एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं पुतण्यानं. त्याला धरता येत नव्हतं, अम्मा ओरडल्या. मी त्याला हात कुठं घालायचा ते दाखवलं.

बाहेर बाकावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. गल्लीत काय बोलतात, चावी कुठं आहे, आम्हाला खोली नको, फक्त भाड्यानं राहू द्या. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सच बोलूँ? फोन आया तो मैंने भी यही सोचा था." मला राग यायला हवा होता, पण हायसं वाटलं.

मी त्याला गळ घातली की हे गल्लीत चारचौघांत बोला. त्याला ओशाळल्यासारखं झालं, पण बोलला. दुकानासमोर उभं राहून म्हणाला की या बाईंना मी ओळखतो, यांचा कशावर हक्क नाही, त्या फक्त सेवा करतायत. मी मान खाली घालून शेजारी उभी होते. निर्दोष सुटलेल्या आरोपीसारखी.

अम्मा वॉकर घेऊन घरी आल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं. पुतण्या समोर, मी दारात.

"घर किसका है?" त्यांनी विचारलं.

"आपका, चाची."

"तो मैं मर गई क्या? बाजार में खड़े होके वारिस बाँट रहे हो. मुझसे किसी ने पूछा?"

दुकानातून परत आणलेली चावी पुतण्याच्या खिशात होती. अम्मांनी हात पुढं केला, चावी घेतली आणि ओढणीच्या टोकाला बांधली. नंतर मला म्हणाल्या, "और तू. चश्मा नहीं लाई." एवढंच. ते मला बाकी सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुतण्या आठवडाभर राहून परत गेला. आता तो दर रविवारी फोन करतो, कधी अम्मांना, कधी मला. बिल्डरचं घोंगडं भिजत पडलंय. खोली पुढं कुणाला जाईल हे अम्मांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही. गल्लीतल्या बायका अजून कधी कधी माझ्याकडे तसं बघतात.

भिंतीपलीकडे काही पडलं की मशीन थांबवून मी कान देते. नवराही बदललाय थोडा. शिफ्टला निघताना अम्मांच्या दाराशी थांबतो, "अम्मा, येतो" म्हणतो, आणि आतून ओ येईपर्यंत चपला घालत नाही.