'न्हाई' हरवलेला संशयित

नोकरीतले मोठमोठे गुन्हे कलमांसकट विसरलो, पण केबलचोरीची ती किरकोळ घटना अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. अर्धापूरकडच्या केळीच्या बागांत विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला जात होती. चोर ती जाळून आतलं तांबं भंगारात विकायचे. बागा सुकायला लागल्या की बागायतदार ठाण्यात येऊन आमचा उद्धार करायचे, आणि तो त्यांचा हक्कच होता. एका सकाळी हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, गडी विहिरीपाशीच हाय. हातात केबल हाय. पळून बी न्हाई राहिला."

मुद्देमाल हातात धरून पोलिसांची वाट बघणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. त्याला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, स्वच्छ सदऱ्यातला माणूस, डाव्या कानाच्या वर टाक्यांची लांब खूण. हवालदारांनी विचारपूस सुरू केली.

"केबल तू कापली?"

"हाव."

"एकट्यानं?"

"हाव."

"का जोडीदार होता?"

"हाव."

हवालदार खूश झाले. कामाला वाघ माणूस, पण मनासारखं उत्तर मिळालं की त्यांचे कान बंद व्हायचे. "साहेब, गुन्हा कबूल," ते म्हणाले.

"अहो, एकटाही होता आणि जोडीदारही होता?" मी म्हटलं आणि स्वतःच विचारलं, "तू इथला कलेक्टर हायेस का?"

"हाव."

सगळं ठाणं हसलं. तोही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. मला ते बघवेना. येड्याचं सोंग घेणारे मी पुष्कळ पाहिले होते. सोंग घेणारा असा लाजत नाही.

तेवढ्यात त्याची बायको धापा टाकत आली. हाताचं पीठही तिनं पुसलं नव्हतं.

"साहेब, ह्यांच्या हाववर जाऊ नका. मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला, तवापासून ह्यांचं न्हाई गेलंय."

"न्हाई गेलंय म्हणजे?"

"तो शब्दच तोंडातून निघत न्हाई. कळतं समदं. मनात न्हाई असतं, अन् तोंडातून हाव येतं. गावातले लोक मुद्दाम इचारतात, बायको पळून गेली का? हे हाव म्हणतात. लोक लई हसतात, मग हे घरी येऊन जेवत न्हाईत."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे खरं. पण हा मुद्देमालासकट सापडला होता आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढेही तो 'हाव'च म्हणणार होता. निर्दोष माणूस आत गेला असता, आणि आत त्याला काय हवं, काय दुखतं, हे कुणालाच कळलं नसतं.

"मग घरी तुम्ही कसं विचारता?"

तिनं चहाचा कप आणि पाण्याचा पेला त्याच्यासमोर मांडला. "हे, का हे?" एवढं विचारून ती गप्प राहिली. हवालदार मध्येच काही बोलणार, तर तिनं हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं त्यानं डाव्या हातानं पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. सकाळपासून त्याला कुणी पाणी विचारलंच नव्हतं.

मी वायरलेसचा आवाज कमी करायला लावला, मोबाईलवर मोटारसायकल आणि तीनचाकी टेम्पो अशी दोन चित्रं शोधून त्याच्यापुढे धरली. "चोर कशावर आले? हे, का हे?" आणि थांबलो. चौकशीत गप्प बसणं मला कधीच जमलं नव्हतं. त्याचं बोट टेम्पोवर टेकलं.

मग दोघांना घेऊन विहिरीवर गेलो. त्यानं बांधाजवळचे चाकाचे माग दाखवले, टेम्पोतून केबल कुठं पडली ती जागा दाखवली. अपघाताआधी त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पडलेली केबल दिसली आणि हाताला जुनी सवय आठवली. उजवी मूठ तर आता वळत नव्हती. तो हात खुंटीसारखा धरून डाव्या हातानं त्यानं सुबक गुंडाळी केली होती आणि मालकाला द्यायला थांबला होता. जाड केबल एका हातानं कापता येत नाही, हे हवालदारांनीच पंचांना सांगितलं. टेम्पो लातूरच्या रस्त्यावर भंगार आणि चोरांसकट सापडला. त्या चोरांना हवालदारांनी प्रत्येक प्रश्न उलटसुलट करून विचारला, याचं मला समाधान वाटलं.

त्या दिवशी विहिरीवरून निघताना मी त्याच्या बायकोला विचारलं, "आता सगळं ठीक ना, ताई?"

"हाव," ती पटकन म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं आणि तिच्याच पद्धतीनं विचारलं, "दवाखान्यात न्यायला सोबत पाहिजे, का घरी त्यांच्याजवळ बसायला माणूस?" यावेळीही मी थांबलो. तिनं पदरात तोंड लपवलं.

"झोप पाहिजे, साहेब. हे निघून जातील म्हणून दारात आडवी होते, पर डोळा लागू देत न्हाई. आज मी सैपाकाला बसले, तेवढ्यात हे गेले."

तिच्या दिराला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "मी तर भेटून जातो की." मी म्हटलं, "भेटायला जाऊ नका, बसायला जा." पुढं तो आणि केबल परत मिळालेला बागायतदार पाळीपाळीनं बसू लागले. त्या वेळात ती झोपायची. नांदेडच्या दवाखान्यात बोलण्याचा सराव करून घेतात, तिथंही दीर त्या दोघांना नेऊ लागला.

जन्मभर मी प्रश्न विचारले आणि उत्तर मिळालं की खरं कळलं, असं मानलं. समोरच्याला नाही म्हणता येईल असा प्रश्न विचारावा आणि नंतर तोंड मिटून थांबावं, हे मला या घरानं शिकवलं. अशा घरी जाणारे बहुतेक जण 'बरंय ना?' विचारतात आणि चप्पल घालतात.

निवृत्तीनंतर मी लातूरला राहायला आलो. एका दुपारी तिचा फोन आला. ती रडतेय की हसतेय, कळेना.

"साहेब, ह्यांनी आज न्हाई म्हटलं!"

"कशाला?"

"दोडक्याच्या भाजीला."

"मग?"

"मग काय, मी दुसरी करून राहिले की!"